आधी खुर्ची, मग थाळी

दुपारी सव्वाच्या सुमारास फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये खाण्याच्या कुठल्याही दुकानाच्या दारात जाऊन उभं राहावं, पाच मिनिटांत मराठी कानावर पडतंच. न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासात स्थायिक झालेला मुलगा, सून, दोन नातवंडं आणि पुण्या-नाशकाहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, असा सहा जणांचा जथा माना वर करून मेनूचा फलक वाचत असतो. सून विचारते, "आई, तुम्हाला काय चालेल?" आई म्हणतात, "मला मेलीला काय, काहीही चालेल. तुमचं बघा." आजोबा म्हणतात, "आधी मुलांचं होऊ दे." मुलांना विचारायची गरजच नसते, 'पिझ्झा' हे उत्तर त्यांनी गाडी पार्क करतानाच दिलेलं असतं. मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगतो, "इथले रिव्ह्यू काही खास नाहीत, पलीकडे एक बरं आहे." जथा पलीकडे जातो. तिथला फलक निरखून आई हळूच विचारतात, "यात बीफबिफ नसेल ना रे?" जथा परत फिरतो. या येरझाऱ्यांत पाऊण तास जातो, धाकटा भोकाड पसरतो, आणि शेवटी सगळे जण एका कठड्याला टेकून कागदी ट्रेमधले फ्रेंच फ्राइज उभ्या-उभ्या खातात. तेही गार झालेले.

माझं म्हणणं इतकंच, की या मंडळींनी निवडायला घेतलेली वस्तूच चुकली. थीम पार्कात जेवण निवडायचं नसतं, खुर्ची निवडायची असते. सावलीतली, पाठ टेकता येईल अशी, जमल्यास एसीतली, आणि निदान गुडघे दुखणाऱ्यांना तरी पुरतील एवढ्या. त्या मिळाल्या की आसपास जे काही शिजत किंवा तळलं जात असेल, ते आपलं जेवण. हे वाचून खवय्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची कल्पना आहे. फर्निचर आधी आणि पदार्थ नंतर हा क्रम आपल्या संस्कृतीत बसत नाही, असंही कुणी म्हणेल. पण संस्कृती माझ्या बाजूची आहे. पंगतीत पाट आधी मांडतात, वाढपी नंतर येतात. हल्लीच्या मंगल कार्यालयात तर याहून ठसठशीत पुरावा मिळतो. पहिल्या पंगतीत जागा न मिळालेली माणसं जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहतात. समोरच्याच्या ताटात ताक-भात आला की त्यांच्या डोळ्यांत आशा दिसू लागते. ही माणसं मठ्ठा संपेल म्हणून आलेली नसतात. मठ्ठा सगळ्यांना पुरणार असतो. पुरणार नसते ती जागा.

त्यातून ते 'काहीही चालेल'. मराठी घरात जेवणाविषयी जी विधानं केली जातात, त्यांत याच्याइतकं बेभरवशाचं दुसरं नाही. ते म्हणणाऱ्याच्या मनात नापसंतीची लांबलचक यादी तयार असते, पण ती आपणहून वाचून दाखवायची नाही. समोरच्याला एकेक नाव घेऊ द्यायचं आणि मग "ते नको गं, जड पडतं," एवढंच म्हणायचं, अशी रीत आहे. याला लबाडी म्हणणं अन्यायाचं होईल. त्यात भीड असते. आपल्यामुळे पोरांना खर्च नको, आपल्यामुळे खोळंबा नको, आणि निवड फसलीच तर खापर आपल्या डोक्यावर नको. परिणामी सहा जणांच्या मतदानात चौघं तटस्थ राहतात, दोघं पिझ्झ्याला मत देतात, आणि ठराव तरीही नामंजूर होतो. आता याच माणसांना दुसरा प्रश्न विचारून पाहावा: कुठं बसू या? आजींचं बोट तत्काळ उठतं, "ते बघ, त्या खांबापाशी, पंख्याखाली." आजोबांनी त्याआधीच तिकडे चालायला सुरुवात केलेली असते. सुनेला बाबागाडी लावायला कोपरा हवा असतो, मुलाला फोन चार्ज करायला प्लग हवा असतो, आणि दोन्ही त्याच खांबापाशी असतात. भीड पडते ती खाण्याच्या बाबतीत. बुड टेकण्याच्या बाबतीत मराठी माणूस कमालीचा स्पष्टवक्ता आहे, आणि जिथं माणसं खरं बोलतात तोच प्रश्न विचारणं शहाणपणाचं.

हा काही माझा शोध नव्हे. थीम पार्क या कल्पनेचा जन्मच एका बाकावर झाला. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुली मेरी-गो-राउंडवर फिरत असताना वॉल्ट डिस्ने बाकावर बसून शेंगदाणे खात, आणि मुलांबरोबर आईबापांनाही काही करता येईल अशी जागा का असू नये, हे तिथं आपल्या मनात आलं, असं ते स्वतः सांगत. नीट लक्षात घ्या: आधी बाक, मग शेंगदाणे. शेंगदाणे घ्यावेत की पॉपकॉर्न यावर त्यांनी घरच्यांचं मत मागवलं असतं, तर बाकावर दुसरं कुणी येऊन बसलं असतं आणि डिस्नेलँड राहूनच गेलं असतं. ते झालं खरं, पण १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइमला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा बाकाचा धडा खुद्द मालक विसरले होते. बनावट निमंत्रणं दाखवून माणसं घुसली, गर्दी आवाक्याबाहेर गेली, दुकानांतले खाद्यपदार्थ संपले. त्यात प्लंबरांचा संप. संडास आणि पिण्याच्या पाण्याचे नळ यांतलं एकच काहीतरी वेळेत पुरं होणार होतं, तेव्हा डिस्नेंनी संडास निवडले. (याला म्हणतात प्राधान्यक्रम.) कोरडे नळ पाहून लोक म्हणाले, सोडा खपवायचा डाव दिसतोय. उन्हात ताजं डांबर मऊ झालं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. सत्तर वर्षं झाली तरी त्या दिवसाच्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्या ऊन, तहान आणि पाय यांच्याच आहेत. सँडविचमध्ये मीठ कमी होतं का, याची कुणी चौकशी करत नाही.

यावर पहिल्यांदा हात वर करतात ते नियोजनवाले. प्रत्येक कुटुंबात असा एक जण असतो, बहुधा जावई. त्याच्याकडे एक्सेल शीट असतं आणि त्यात जेवणाला वेगळा रंग दिलेला असतो. आधीच बुकिंग केलं तर ऐन वेळी वाद होणारच नाही, असं त्याचं म्हणणं. डिस्ने वर्ल्डमध्ये टेबलावर वाढणाऱ्या रेस्टॉरंटांचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. करोनापूर्वी ही मुदत १८० दिवसांची होती, म्हणजे आश्विनात काय खावंसं वाटेल ते चैत्रात ठरवून ठेवावं लागे. या खेळात मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. आपल्या रेल्वेनंही नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० वरून ६० दिवसांवर आणली आहे, आणि गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या गाड्या काही मिनिटांत भरताना ज्यानं पाहिल्या आहेत, त्याला पहाटे उठून सिंड्रेलाच्या राजवाड्यातलं टेबल पटकावणं फारसं जड जात नाही. पण हे आरक्षण असतं कशाचं? रेल्वे बर्थ देते, वाटेत भूक लागेल का हे विचारत नाही. डिस्नेही विचारतं ते माणसं किती आणि वाजता किती. दोन महिने आधी, झोपमोड करून, जावई जे मिळवतो त्याला सहा खुर्च्यांची खात्री असं म्हणतात. ठरल्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत ते रद्द केलं नाही आणि कुणी फिरकलंच नाही, तर बऱ्याच ठिकाणी माणशी १० डॉलर कापले जातात. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे घेतले म्हणून जावई रात्रभर धुसफुसतो. वास्तविक ते रिकाम्या राहिलेल्या खुर्चीचं भाडं असतं. तेव्हा नियोजनवाल्यांशी माझं भांडण नाही. ते माझ्याच पक्षाचे आहेत, फक्त त्यांना कुणी कळवलेलं नाही.

डबेवाल्यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे, चांगला तीन-चार किलोंचा. घरून नेलं की प्रश्नच मिटला, असं ते म्हणतात. ठेपले, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि वरून चिवडा. डिस्नेच्या पार्कांत घरचं खाणं आत नेता येतं. काचेचं भांडं नको, गरम करावं लागेल असं काही नको आणि उग्र वासाचं नको, अशा अटी आहेत. त्यातली शेवटची अट आपल्याला समोर ठेवूनच लिहिली असावी, असा संशय घ्यायला भरपूर जागा आहे. लसणाची चटणी त्या अटीत बसते की नाही, हे शेवटी पिशवी तपासणाऱ्याच्या नाकावर अवलंबून. आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत हा प्रश्न नाकापर्यंत जातच नाही, फाटकावरच डबा बाहेर ठेवायला लावतात. म्हणून इमॅजिकाला जाणारी जाणती माणसं खोपोलीत रमाकांतचा वडा आधीच पोटात घालून घेतात, कारण पोट उघडून तपासायची पद्धत अजून आलेली नाही. बाहेरचं खाणं अडवावं की नाही हा वाद सिनेमागृहांच्या बाबतीत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की मालकाला ते अडवता येईल, मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या मुलांचं खाणं अडवू नये. सुनावणीच्या वेळी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी काढलेली शंका माझ्या फार कामाची आहे. कुणी जिलबी आणली आणि चिकट हात खुर्चीला पुसले, तर सफाईचे पैसे कोण देणार? देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टात खाण्याचा प्रश्न गेला आणि तोही अखेर खुर्चीपाशीच येऊन थांबला.

आणि डबा आत गेला असं धरून चालू. आता काय खायचं हा प्रश्न शिल्लकच नाही. आजींना चालेल तेच आहे, मिरची बेताची आहे, पैसे पडणार नाहीत. मग या कुटुंबानं पाच मिनिटांत जेवून मोकळं व्हायला हवं. प्रत्यक्षात हेच कुटुंब डब्याची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत अर्धा तास भटकताना दिसतं. या बाकावर ऊन आहे, त्या बाकावर कुणाचं तरी आइस्क्रीम सांडलंय, तिसऱ्यावर एक अमेरिकन आजोबा एकटेच बसलेत, पण त्यांच्या शेजारी पुऱ्या सोडायच्या म्हणजे आधी त्यांना द्याव्या लागतील आणि पुऱ्या मोजून आणलेल्या आहेत. जेवणाचा प्रश्न समूळ काढून टाकला तरी वणवण तेवढीच राहते, याचा अर्थ ती वणवण जेवणासाठी नव्हतीच. याहून स्वच्छ सिद्धता भूमितीतही क्वचित मिळते.

पैसा वसूल पंथाचा हिशेब निराळा. त्यांना प्रत्येक फलकावरच्या आकड्याला मनात पंच्याऐंशीनं नाहीतर नव्वदनं गुणायची सवय असते, आणि गुणाकार झाल्यावर भूक मरते, हा त्यातला फायदा. चार डॉलरच्या घरातली पाण्याची बाटली रुपयांत वाचून आजोबा ती परत फडताळात ठेवतात. (ज्या काउंटरवर ग्लासातून कोला देतात, तिथं बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं. ही बातमी जथ्यात पसरली की दिवसभर सगळे पाणीच पितात, आणि मग डिस्नेंनी १९५५ साली केलेल्या निवडीचं मोल कळतं.) या पंथाचा कल बुफेकडे असतो. एकदाच भरायचे आणि हवं तेवढं हाणायचं. पण इथं वयाचा एक सापळा आहे. आपली एसटी बाराव्या वर्षापर्यंत अर्धं तिकीट देते. डिस्नेच्या दरबारी मात्र दहा वर्षांचं मूल मोठ्या माणसांत मोजलं जातं, तिकिटाला आणि बुफेलाही. मोठ्या माणसाचे पूर्ण पैसे भरून ते मूल चार फ्राइज आणि पाव वाटी मॅकरोनी खातं. उरलेली वसुली बापाच्या पोटावर येते. दोन माणसांचं जेवून तो तिकडून उठतो आणि समोर रोलर कोस्टरची रांग असते. यापुढचं लिहायचं नाही. सिंड्रेलाच्या राजवाड्यातल्या जेवणाला मोठ्या माणसाला ६० डॉलरहून जास्त पडतात, आणि एवढे पैसे अन्नाचे असूच शकत नाहीत, अशी आजोबांची रास्त शंका असते. ते अन्नाचे नसतातच. एरवी ज्या राजकन्येला भेटायला आपण उन्हात रांग लावतो, ती इथं आपल्या टेबलापाशी येते आणि आपण बसून असतो. बसल्या जागी राजकन्या, याचे ते पैसे. या दृष्टीनं पाहिलं तर भाव महाग आहे, पण मालाबद्दल फसवणूक नाही.

"त्यापेक्षा बाहेर पडू, गावात छानपैकी इंडियन खाऊन परत येऊ," असं म्हणणारा एक जण निघतोच. परदेश सहलींच्या जाहिरातींत रात्रीच्या भारतीय जेवणाचं आश्वासन ठळक अक्षरांत का असतं, ते अशा वेळी कळतं. ऑर्लँडोत भारतीय हॉटेलांना तोटा नाही. तोटा आहे तो भूगोलात. मॅजिक किंगडम आणि त्याचा वाहनतळ यांच्या मध्ये एक अख्खा तलाव आहे, आणि गाडीपर्यंत पोचायचं तर मोनोरेल नाहीतर बोट धरावी लागते. डाळ-भातासाठी जलप्रवास करून परत येईपर्यंत संध्याकाळची आतषबाजी सुरू होते. डिस्नेच्याच अॅनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथं नान, कुलचा, पनीर पराठा अशा भाकऱ्या आणि त्यांच्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या-कोशिंबिरी मागवता येतात, आणि खिडकीतून जिराफ दिसतात. नानाला सात समुद्र ओलांडून अमेरिकेत जाऊन आफ्रिकेचं दृश्य लाभावं, हा योग मोठाच. पण ते पार्काच्या बाहेर आहे, आणि तिथंही टेबल आधी राखून ठेवलेलं बरं. म्हणजे पुन्हा खुर्ची.

एपकॉटची गोष्ट वेगळी आहे, हे मी मान्य करतो. १९८२ साली उघडलेल्या या पार्कात एका तळ्याभोवती ११ देशांचे मंडप मांडले आहेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, जपान, मोरोक्को वगैरे. भारत नाही. तिथं माणसं खायलाच येतात, तिथलं खाणं हाच खेळ आहे, आणि तिथं जाऊन खुर्ची शोधणारा माणूस अरसिक ठरेल, असं खवय्ये म्हणतात. म्हणोत. मराठी कुटुंब तिथं काय करतं ते पाहिलं तर चित्र बदलतं. जथा मेक्सिकोपाशी थांबतो, कारण बीन्स आणि भात म्हटलं की मनाला राजमा दिसतो. जपानपाशी वेग वाढतो. इटलीपाशी नातवंडं बापाला जिंकतात. मोरोक्कोच्या वासावर आजी म्हणतात, "जिरं घातलंय बघ," आणि क्षणभर सगळे हळवे होतात. तळ्याला फेरा पुरा करायचा तर दोन किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं. खाद्यमहोत्सवाच्या दिवसांत तर इथले कसलेले खवय्येही जागा न मिळाल्यानं कचराकुंडीच्या सपाट झाकणावर बशी ठेवून, भोवती कोंडाळं करून उभे राहून खातात. फ्रान्सचं चीज आणि खाली कचराकुंडी. रसिकतेचा हा विजय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्या पायांना अजून चाळिशी लागलेली नसावी.

शाकाहाराचा आणि उपासाचा मुद्दा टाळून चालणार नाही. जवळ जे शिजत असेल ते खा, हे सांगणं सोपं आहे. जवळ टर्कीची तंगडी शिजत असेल तर? ही तंगडी एवढी थोरली असते, की ती हातात घेऊन निघालेला माणूस बकासुराच्या समाचाराला चाललेल्या भीमासारखा दिसतो. तिच्या शेजारी बसून संकष्टीचा उपास करणं कठीण, हे कबूल. पण अडचण वाटते तेवढी मोठी नाही. डिस्नेनं २०१९ पासून वनस्पतिजन्य पदार्थांपुढे मेनूत पानाचं चिन्ह छापायला सुरुवात केली, त्यामुळे आजींना चष्मा लावून 'यात काय असेल' हे ओळखत बसावं लागत नाही. जवळपास प्रत्येक काउंटरला एखादा तरी असा पदार्थ सापडतो. तो उत्तम असतो असं माझं म्हणणं नाही. तो सगळीकडे सारखाच बेताचा असतो, आणि सारखाच बेताचा असेल तर अर्धा मैल चालून पलीकडचा बेताचा खाण्यात अर्थ काय? उपासाचं म्हणाल तर धर्मशास्त्रानं बटाट्याला अभय देऊन ठेवलंय, आणि बटाट्याच्या बाबतीत अमेरिकेनं कुणाला उपाशी ठेवल्याचं ऐकिवात नाही. कशात तळलाय एवढं तेवढं विचारून घ्यावं. शिवाय अननसाचं डोल व्हिप आहे, ज्यात दूधसुद्धा नसतं. ते आजी दोनदा मागतात. "मला मेलीला काहीही" या वाक्याला त्या क्षणापुरती रजा मिळते.

राहता राहिली वेळ, आणि खुर्चीचा सगळा बाजारभाव ठरतो तो वेळेवर. बारा ते दोन ती मिळत नाही. अकरा वाजता जेवायला बसलं तर पाहिजे तिथं बसता येतं, निवडीला वाव असतो, खांबही आपला आणि पंखाही आपला. अकराला कसली भूक, असं म्हणणाऱ्यांना त्यांच्याच घराण्याचा इतिहास दाखवावा लागेल. अकराच्या शाळेसाठी दहाला वरण-भात जेवून निघालेल्या पिढ्या महाराष्ट्रात अजून हयात आहेत, आणि त्याच आज आजी-आजोबा म्हणून तिथं उभ्या आहेत. त्यांच्या पोटाला ही वेळ परकी नाही. परकी झाली ती मुलाच्या पोटाला, ज्याला कॉर्पोरेट कॅफेटेरियानं एकची सवय लावली. आणि अकराला जेवून उठावं याला हवामानाचाही आधार आहे. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी तीन-चारच्या सुमारास गडगडाटासह पाऊस कोसळतो, विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद करतात, आणि हजारो माणसं ओल्या पोरांसकट मिळेल त्या छपराखाली घुसतात. त्या वेळी ज्याच्याकडे खुर्ची आहे त्यानं हातातल्या कॉफीचा घोट किती लांबवावा याला मर्यादा नाही. कप रिकामा झाला तरी तो तोंडाला लावत राहावं.

प्रत्यक्ष अंमलबजावणीत मराठी माणसाला एक जुनं शस्त्र उपयोगी पडेल असं वाटतं: रुमाल. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेल्या रुमालाला जो मान आहे, तो मात्र तिकडे नाही. टेबलावर पडलेला रुमाल दिसला तर कर्मचारी तो उचलून हरवलेल्या वस्तूंत जमा करतील. त्यामुळे रुमालाच्या जागी आजोबा ठेवावे लागतात. पूर्वी ते बसले आणि बाकीचे रांगेत गेले, की अर्धा तास त्यांना एकट्यानं "समवन इज कमिंग" म्हणत पाच खुर्च्या लढवाव्या लागत. आता मोबाइलवरून ऑर्डर देता येते, तयार झालं की काउंटरवरून उचलायचं, म्हणजे आजोबांची बाजू सांभाळायला माणसं उरतात. यात एकच धोका आहे, आणि तो विरोधक बरोबर हेरतात. एकदा बसलेले आजोबा उठत नाहीत. खुर्चीचं महत्त्व असं वाढवून ठेवलं तर पार्क बघायचं कुणी?

त्यालाही तोड आहे. मॅजिक किंगडममध्ये कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस नावाचा एक खेळ आहे, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी डिस्नेंनी बनवलेला. त्यात मंच जागच्या जागी राहतो आणि प्रेक्षकगृह खुर्च्यांसकट त्याच्याभोवती फिरतं. वीस मिनिटं, एसी, मऊ खुर्च्या, रांग बहुधा नसतेच, आणि उठायचं नाही. मंचावर एका अमेरिकन कुटुंबाची चार काळांतली हकिगत यंत्राच्या बाहुल्या सांगतात. वर्षानुवर्षं दाखवलेल्या शेवटच्या प्रसंगात त्यांच्या नव्या, बोललेलं ऐकणाऱ्या ओव्हनमध्ये सणाची टर्की करपून जाते, आणि आता जेवायचं काय हा प्रश्न अख्ख्या घरापुढे उभा राहतो. समोरच्या काळोखात कुणीही त्यांना काही सुचवत नाही. सगळे बसलेले असतात.